प्लॉटच्या व्यवहारात ‘ऑफिसातल्या पोरा’ची जबाबदारी किती?

जमिनीच्या फसवणुकीची बातमी आली की आपण मोठी नावं वाचतो आणि पान उलटतो. मेलेल्या मालकाच्या जागी भलताच माणूस उभा केला, कुलमुखत्यारपत्र खोटं निघालं, एकच प्लॉट दोघांना विकला. शेवटच्या ओळीत मात्र बऱ्याचदा असं काहीतरी असतं : ‘...आणि ओळख पटवणारे दोन इसम यांच्याविरुद्धही गुन्हा दाखल.’

हे दोन इसम कोण असतात? पुष्कळदा एजंटाच्या ऑफिसातला मुलगा, वकिलाचा कारकून, नाहीतर दस्तलेखकाकडं टायपिंग करणारा. सकाळी दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात बाकावर थोडा वेळ बसा, तो दिसेलच. टोकनचा नंबर त्याला पाठ असतो, चलनाची प्रिंट त्याच्या पिशवीत असते, विकणाऱ्या आजींचा चष्मासुद्धा त्याच्याच खिशात. ‘आपण कोण?’ विचारलं तर म्हणतो, ‘मी काय नाही वो, ऑफिसातला आहे.’

या ‘मी काय नाही’बद्दलच लिहायचं आहे. मीही काही वर्षं तेच म्हणत होतो.

चादर विणत नाही, कांडी भरतो

घर किंवा प्लॉट विकला जाताना पडद्यामागं राबणारी माणसं बरीच असतात. साइट ऑफिसात फोन उचलणारी मुलगी, फ्लॅट दाखवायला नेणारा पोरगा, सातबारा आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) काढून आणणारा, जुन्या व्यवहारांच्या शोधासाठी, म्हणजे सर्चसाठी, सूची चाळणारा, नोंदणीच्या संगणक प्रणालीत आधीच माहिती भरून ठेवणारा ऑपरेटर, बँकेच्या कर्जाची फाइल पोचवणारा. यातल्या कुणालाच सौदा ठरवायचा अधिकार नसतो, आणि सौदा यातल्या प्रत्येकाच्या हातातून जातो.

सोलापूरकराला हे समजावायला लांब जायला नको. कारखान्यात मागासाठी कांडीवर सूत भरणारी बाई चादर विणत नाही. पण कांडीत गाठ राहिली तर ती चादरीत उतरते, आणि गिऱ्हाईक चादर परत आणतं तेव्हा कांडीवालीचं नाव कुणाला ठाऊक नसतं. जमिनीच्या कागदाचं एका बाबतीत वेगळं आहे. इथं नाव राहतं. फोटो आणि अंगठ्यासकट राहतं.

ऑपरेटरचंच घ्या. गट नंबर टाकताना दोन आकडे उलटे पडले, किंवा ‘मल्लिनाथ’चं ‘मल्लिकार्जुन’ झालं, तर तीच चूक दस्ताच्या सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्यात जाते, तिथून फेरफारात. मग चूक दुरुस्तीचा दस्त करायचा, म्हणजे दोन्ही पक्षांना पुन्हा गोळा करायचं. तोवर विकणारा पुण्याला मुलाकडं गेलेला असतो, नाहीतर देवाघरी. टाइप केल्यावर मूळ उतारा शेजारी धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचायचा, एवढीच खबरदारी लागते. तिला नीतिमत्ता म्हणावं का? मी म्हणतो.

कुणाचा माणूस आहेस?

व्यावसायिक नीतिमत्ता हा शब्द जड आहे. एकदाच सांगतो आणि सोडून देतो : दुसऱ्याचं काम आपल्या हाती असताना, तो पाहत नसला तरी, ज्या शिस्तीनं वागायचं ती. १८७२ च्या करार कायद्यात एजंटावर ही शिस्त घातलेली आहे. हिशेब द्यायचा, आणि ज्याचं काम घेतलं त्याला अंधारात ठेवून स्वतःचा धंदा करायचा नाही. एजंट ज्यांच्या हातून काम करून घेतो त्यांनी ती मोडली, तर मोडली एजंटानंच.

गोंधळ होतो तो निष्ठा आणि खरेपणा यांत. समजा तुम्ही विकणाऱ्याच्या एजंटाकडं कामाला आहात आणि जुळे सोलापुरातला प्लॉट दाखवायला गेलात. घेणारा हळूच विचारतो, ‘मालक शेवटी कितीला सोडतील?’ तुम्हाला आकडा माहीत आहे, पण सांगायचा नाही. ती मालकाची गोष्ट. मग तो विचारतो, ‘काही वाद-बिद नाही ना?’ आणि चुलतभावानं दावा लावलेला तुम्ही फाइलमध्ये वाचलेला असतो. इथं ‘काही नाही, एकदम क्लिअर’ म्हणणं ही निष्ठा होत नाही. घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. मालकालाच जे लपवता येत नाही ते त्याच्या वतीनं तुम्ही कसं लपवणार? ‘मला त्याचं बोलायला सांगितलेलं नाही, साहेबांना विचारा’ हे उत्तर चालतं. ‘काही नाही’ चालत नाही.

ओळखदार : सगळ्यात स्वस्तात विकली जाणारी सही

आता मूळ दुखण्याकडं येतो.

दस्त नोंदवायला आलेला माणूस तोच आहे, याची खात्री दुय्यम निबंधकाला करून घ्यावी लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३४ मध्येच तसं आहे. जिथं त्यासाठी ओळखदार लागतात तिथं दोन माणसं उभी राहतात, त्यांचे फोटो निघतात, अंगठे घेतले जातात. दस्ताच्या शेवटच्या पानांत छापलेलं असतं की हे इसम दस्त करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. ‘व्यक्तिशः’ हा शब्द किती जणांनी वाचलाय देव जाणे. मी वाचला नव्हता.

बाविसाव्या वर्षी मी एका ऑफिसात टायपिंगला होतो. एका दुपारी साहेब म्हणाले, ‘चल रे, एक सही कमी पडतेय.’ गेलो. विकणारे गृहस्थ पांढरा सदरा घालून बसले होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. कॅमेऱ्यासमोर बसलो, अंगठा दिला, शंभर रुपये आणि एक कडक चहा मिळाला. पुढं वर्षभरात अशा बऱ्याच सह्या केल्या. पगारापेक्षा बरं वाटायचं.

चार वर्षांनी घरी समन्स आलं. विकणाऱ्याच्या भावानं दावा लावला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात समोरच्या वकिलांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘तुम्ही यांना किती वर्षांपासून ओळखता?’ मी गप्प. ‘बरं, त्यांच्या घरी कधी गेलात?’ गप्प. ‘त्यांच्या वडिलांचं नाव?’ ते दस्तावर होतं, मीच टाइप केलं होतं, आणि तरी ऐन वेळेला आठवेना. नशीब एवढंच की विकणारे गृहस्थ खरे होते, भांडण हिश्श्याचं होतं. ते तोतया निघाले असते तर मी साक्षीदार न राहता आरोपी झालो असतो.

कारण त्याच नोंदणी कायद्याचं कलम ८२. नोंदणी अधिकाऱ्यापुढं जाणूनबुजून खोटं सांगणं, दुसऱ्याचं सोंग घेणं आणि अशा कामाला मदत करणं, या सगळ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘मला काय माहीत, साहेबांनी नेलं’ हा बचाव इथं लंगडा पडतो, कारण तुम्ही सांगितलेलं खोटं हेच आहे की ‘मला माहीत आहे’.

आपण ओळखत नसलेल्या माणसाची ओळख पटवणं म्हणजे बँकेत परक्याला जामीन राहणं. फरक इतकाच की जामीनदार निदान रक्कम किती हे तरी विचारतो.

साक्षीदाराच्या सहीचंही असंच. बक्षीसपत्राला, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार म्हणजे ज्यानं सही होताना पाहिली किंवा सही करणाऱ्यानं ज्याच्याजवळ ‘ही माझीच’ असं कबूल केलं तो. ऑफिसात बसून दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेवर केलेली सही ही साक्ष होत नाही.

‘इक्कड संतकम पेट्टु, अव्वा’

हा मुद्दा मुंबई-पुण्याच्या लेखांत सापडणार नाही, पण आपल्याकडं रोजचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आजी घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून आलेले शेतकरी कन्नड बोलतात. दस्त मराठीत, तोही ‘लिहून देणार’, ‘निर्वेध व बोजारहित’ असल्या मराठीत, जी मराठी माणसालाही कळत नाही. मग वकीलसाहेब ऑफिसातल्या तेलुगू येणाऱ्या मुलाला म्हणतात, ‘आजींना जरा समजावून सांग.’

मुलगा काय समजावतो? बहुतेक वेळा एवढंच : इथं सही कर आजी. आजी सही करते, कारण समोरचं पोरगं आपल्या भाषेत बोलतंय, आपल्या गल्लीतलं दिसतंय. हा विश्वास त्या मुलानं मिळवलेला नाही, भाषेनं मिळवून दिलाय. म्हणून तो वापरताना जपून.

निदान चार गोष्टी आजीच्या भाषेत आजीच्या तोंडून वदवून घ्याव्यात : काय विकतेय, किती विकतेय, पैसे किती आणि कसे मिळाले, ताबा कधी सोडायचा. ‘कळलं का?’ विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘मला सांगा बघू’ म्हणा. एकदा असंच विचारल्यावर एक आजी म्हणाल्या, ‘वरची खोली विकतेय.’ दस्त अख्ख्या घराचा होता. मुलांनी आईला काय सांगून आणलं होतं ते मुलांनाच ठाऊक. त्या दिवशी दस्त झाला नाही, आणि ऑफिसची फीही बुडाली.

फाइलमधली गोष्ट चहाच्या टपरीवर

मुलीचं लग्न ठरलंय म्हणून घाईनं विकतायत, पोराचं कर्ज फेडायचंय, नवरा-बायकोचं पटत नाही, हिश्शावर भाऊ अडून बसलाय. ही माहिती फाइलबरोबर फुकट येते. दोन मिनिटांच्या गप्पांत ती घेणाऱ्याच्या कानावर गेली की विकणाऱ्याचे लाखभर रुपये कमी होऊ शकतात, आणि कुणी चोरी केली हे कधी कळत नाही.

वकिलाच्या कारकुनाला तर हे बंधन कायद्यानंच आहे. अशिलानं वकिलाला सांगितलेलं गुपित राखायची सक्ती वकिलाचे कारकून आणि दुभाषे यांनाही लागू आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती होती, आताच्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. वर ज्या तेलुगू बोलणाऱ्या मुलाचं सांगितलं, तो यात बसतो.

दुसरी गळती व्हॉट्सॲपची. आधार, पॅन, रद्द केलेला चेक, सगळं ऑफिसच्या ग्रुपवर पडलेलं असतं. नोकरी सोडली तरी पोराच्या फोनमध्ये राहतं. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांचे नकली ठसे बनवल्याचं उघड झालं होतं. दस्तावरचा अंगठा ही नुसती शाई नाही हे तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

करायचं काय? जिथं चालतं तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं, झाकलेलं आधार मागायचं. झेरॉक्सवर कशासाठी दिलं ते लिहायचं. काम झालं की फोनमधून काढून टाकायचं. आणि झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या प्रती टोपलीत टाकून यायचं नाही. त्याच कागदात पुढं भजी बांधून मिळतात, मी खाल्लेली आहेत.

‘एक गिऱ्हाईक दिलं तर काय बिघडलं?’

पगार बारा-पंधरा हजार. साइटवर आलेल्या माणसाला दुसऱ्या बिल्डरकडं धाडलं की पाच-दहा हजार सुटतात. मोह समजण्यासारखा आहे. पण इथं तुमचं पद न कळत बदलतं.

२०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्यात एजंटाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. प्रकल्पातल्या घराचा किंवा प्लॉटचा व्यवहार जुळवून मोबदला घेणारा, घेणारा आणि विकणारा यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देणारा, त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, सगळे त्यात आले. नोंदणी न करता असं काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, तो साचत साचत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ पासून महारेरानं, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणानं, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. म्हणजे फाइल नेणारा मुलगा आणि ‘कमिशन’ घेणारा मुलगा कायद्याच्या लेखी एक नाहीत. पहिला मदतनीस आहे, दुसरा विनानोंदणीचा एजंट.

(रेरा प्रकल्पांना लागतो. जुन्या घराच्या फेरविक्रीला ही नोंदणी लागत नाही, पण तिथं करार कायदा आहेच : मालकाला न सांगता दुसऱ्या बाजूनं खाल्लेलं कमिशन मालक मागू शकतो.)

साइट ऑफिसातल्या मुलींना मी एकच सांगतो, ब्रोशरमध्ये आणि महारेराच्या संकेतस्थळावर आहे तेवढंच बोला. कोणी ‘किती स्क्वेअर फूट?’ विचारलं तर कार्पेट एरिया सांगा, म्हणजे आतल्या भिंतींसह प्रत्यक्ष वापरायची जागा, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून. फुगवलेला आकडा सांगून सौदा होतो आणि तक्रारीत ‘त्या मॅडमनी सांगितलं होतं’ असं लिहून येतं.

शहराच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणाऱ्यांकडं कामाला असाल तर आणखी एक वाक्य तोंडातून काढू नका : ‘नोटरी झाली की झालं.’ शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकत मिळत नाही. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही. विडी वळून साठवलेले पैसे घेऊन आलेल्या बाईला हे माहीत नसतं. तुम्हाला असतं.

इसाराचे पैसे

थोडक्यात. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि ती रोकड घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. पण साहेब बाहेर असताना ‘पाकीट ठेवून घे’ असं सांगितलेला मुलगा या दोन्हीच्या मधोमध सापडतो. पावती न देता पैसे हातात घेऊ नका, आणि घेतलेले पैसे एक रात्रही घरी नेऊ नका. नोकरानं किंवा कारकुनानं मालकाच्या विश्वासातला पैसा-माल स्वतःकडं वळवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संध्याकाळी वापरून सकाळी परत ठेवले, असं सांगणारे मी दोघं पाहिलेत. सकाळ झालीच नाही.

‘साहेबांनीच सांगितलं तर?’

हे विचारणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. पोट आहे. ‘आम्ही नाही म्हटलं तर उद्या दुसरा येईल’ हेही खरं आहे. पण साहेबांचा हुकूम हे फौजदारीत कवच होत नाही, सही करणारा हात तुमचा असतो. आणि साहेबांनाही हे परवडत नाही. एजंटानं कामाच्या ओघात केलेली फसवणूक मालकाच्या, म्हणजे ज्याच्या वतीनं काम केलं त्याच्या, अंगावर येते, असं करार कायद्याचं कलम २३८ सांगतं. शहाणा साहेब ‘नाही’ म्हणणारं पोरगं जपतो. सगळे साहेब शहाणे नसतात, तेही मान्य.

म्हणून नकार द्यायची पद्धत महत्त्वाची. चारचौघांत ‘हे बेकायदा आहे’ म्हणालात तर साहेबांची इज्जत आणि तुमची नोकरी दोन्ही जातील. बाजूला घेऊन ‘साहेब, मी यांना ओळखत नाही, यांच्या शेजाऱ्यांना बोलावू का?’ असं म्हटलं तर नकाराबरोबर पर्यायही जातो. तोंडी ऐकलं नाही तर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका : ‘साहेब, विकणाऱ्यांना मी आज पहिल्यांदा पाहिलं, ओळखदार म्हणून सही करू शकत नाही.’ ती ओळ ओळखदाराच्या सहीपेक्षा जास्त दिवस टिकते.

‘इतक्याशा पगारात इतकी जबाबदारी?’ यावर माझ्याकडं धड उत्तर नाही. पगार कमीच आहे. शंभर रुपयांची सही बंद करायची तर ऑफिसांनी पगार वाढवायला हवा, हे साहेब लोकांनी वाचावं म्हणूनही हा लेख आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका नोंदणीला गेलो होतो. वकीलसाहेबांचा नवा मुलगा, मिशी नुकती फुटलेली. त्याला खूण झाली, चल सहीला. तो उठला, विकणाऱ्या काकांकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, काकांना मी नाही ओळखत वो. यांचे शेजारी शेळगीत राहतात ना, आणतो गाडीवर.’ साहेबांच्या कपाळाला आठी पडली. घड्याळ पाहिलं. टोकन पुढं गेलं होतं.

‘जा लवकर,’ ते म्हणाले. ‘आणि येताना त्यांचं आधार आणायला सांग.’

दस्त साडेचारला झाला. तोवर आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली उभे होतो.